बेटाची वीज आणि साऱ्या शहराची बस

कुलाब्यापासून पश्चिमेला माहीम आणि पूर्वेला शीवपर्यंत पसरलेल्या मुंबई बेटावर घरात दिवा लागतो तो बेस्टच्या विजेवर. क्षेत्र जेमतेम ७५ चौरस किलोमीटरचे, वीजग्राहक दहा लाखांच्या आसपास. माहीमची खाडी ओलांडून वांद्र्यात शिरले की वीज देणारी कंपनी बदलते, पण रस्त्यावरची लाल बस तीच राहते. ती पुढे दहिसरला जाते, मुलुंडला जाते, खाडीपलीकडे नवी मुंबईतही जाते. वीज बेटापुरती आणि बस साऱ्या शहराची. बेस्टच्या पैशांचा जो काही इतिहास आहे, तो या एका रचनेतून निघालेला आहे.

बेस्टविषयी लिहिताना घोड्यांची ट्राम, दुमजली बस, कंडक्टरची तिकिटांची पेटी यांच्या आठवणी निघतात आणि त्या निघायलाच हव्यात. हा लेख मात्र वीजपुरवठा विभागाच्या हिशेबाचा आहे. विजेचा दर कोण ठरवत होते, खर्च कोण तपासत होते आणि शिल्लक राहिलेला पैसा कुठे जात होता, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या सव्वाशे वर्षांत पुष्कळ बदलली. ती कशी बदलली हे संस्थेच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांइतकेच बिल भरणाऱ्या नागरिकांनाही ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

मुंबईत विजेचा पहिला सार्वजनिक प्रयोग १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये झाला. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी महापालिकेने करार केला, मंडईत विजेचे दिवे लागले आणि पुढच्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. वीज देणाऱ्याची आर्थिक ताकद न पाहता करार केला तर काय होते, याचा धडा शहराला असा अगदी पहिल्याच फटक्यात मिळाला.

त्याआधी, ९ मे १८७४ रोजी, घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या होत्या. कुलाब्याहून पायधुणीला आणि बोरीबंदरहून पायधुणीला. शहर वाढले, घोडे पुरेनात, तेव्हा ट्राम विजेवर चालवण्याचा विचार पुढे आला. ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शन कंपनीने परवाना मागितला. १९०५ मध्ये महापालिका, जुनी ट्रामवे कंपनी आणि ट्रॅक्शन कंपनीच्या वतीने ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग कंपनी यांच्यात कागदपत्रे झाली आणि बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी जन्माला आली. वाडीबंदरला वीजनिर्मिती केंद्र उभे राहिले. ७ मे १९०७ रोजी महापालिका मुख्यालयापासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत विजेची पहिली ट्राम धावली. म्हणजे दिवाबत्ती आणि वाहतूक यांची गाठ जन्मापासूनच एका परवान्यात मारलेली होती. पुढची सारी भांडणे या गाठीचीच आहेत.

१९१२ मध्ये मझगावला कुसारा येथे मोठे केंद्र झाले. पण बेटावर कोळसा आणून वीज करणे महाग होते आणि सह्याद्रीत पाणी होते. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण, शिरवता येथे साठवलेले पाणी नळांतून खाली कोसळायचे आणि त्याची वीज तारांवरून परळला यायची. गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या, आणि पुढे बेस्टनेही स्वतः वीज तयार करणे सोडून टाटांकडून ठोक खरेदी करून ती घरोघरी पोहोचवण्याचा मार्ग धरला. ठोक वीज टाटांची, किरकोळ विक्री बेस्टची, अशी ही विभागणी वर्षानुवर्षे चालली. दोघांचेही परवाने एकाच बेटासाठी होते, याकडे त्या काळी कुणी फारसे लक्ष दिले नाही.

७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठ दिवस उरले असताना, महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली. नाव झाले बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट. आद्याक्षरे तीच राहिली आणि १९९५ मध्ये शहराचे नाव बदलल्यावर 'बॉम्बे'चे 'बृहन्मुंबई' झाले तेव्हाही ती टिकली. १५ जुलै १९२६ पासून धावणाऱ्या बस तोवर शहराच्या अंगवळणी पडल्या होत्या. ट्राम मात्र ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर अशी शेवटची धावून थांबली.

महापालिकेच्या ताब्यानंतर तपासणीची एक साखळी तयार झाली. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमात बेस्टसाठी तरतुदी घातल्या गेल्या. महाव्यवस्थापकांनी अर्थसंकल्प मांडायचा, बेस्ट समितीने त्यावर चर्चा करायची आणि अखेरची मंजुरी महापालिका सभागृहाने द्यायची. नगरसेवक दर वाढवू देत नाहीत अशी तक्रार कचेरीत नेहमी असे, आणि ती पुष्कळदा खरीही होती. तरीही या व्यवस्थेत एक गोष्ट फार मोलाची होती. लाईट बिल वाढले तर प्रभागातला माणूस कुणाला जाब विचारायचा हे त्याला नेमके माहीत होते.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने खासगी परवानाधारकांना सहाव्या परिशिष्टाने बांधले होते. गुंतवणुकीवर किती परतावा वाजवी, खर्च कोणता धरायचा, जास्तीचा नफा कुठे वळवायचा हे सारे त्यात लिहिलेले होते. स्थानिक संस्था मात्र त्यातून वगळल्या होत्या. नगरपालिका ही लोकांचीच संस्था, तिचा नफा लोकांकडेच परत जाणार, असा त्यामागचा विश्वास होता. म्हणून उपनगरात वीज देणाऱ्या बीएसईएस कंपनीच्या नफ्यावर कायद्याची मर्यादा होती आणि बेटावर बेस्टवर ती नव्हती.

विजेत शिल्लक राहत असे, त्याला कारणेही तशीच होती. बेट दाट वस्तीचे आहे. एका किलोमीटर केबलवर इथे जितके ग्राहक जोडले जातात तितके क्वचितच कुठे जोडले जात असतील. केबल सगळी भूमिगत, त्यामुळे आकडे टाकायला वाव कमी आणि गळती थोडी. फोर्ट, बॅलार्ड इस्टेट आणि पुढे नरिमन पॉइंट इथल्या कचेऱ्या आणि हॉटेले चढ्या दराने आणि वेळच्या वेळी पैसे भरत. बसचे गणित याच्या उलट. डिझेल, टायर, पगार वाढत जात आणि भाडे वाढवायचे म्हटले की शहर पेटून उठे. एका खिशात शिल्लक, दुसऱ्यात तूट आणि दोन्ही खिसे एकाच सदऱ्याचे. त्यामुळे वर्षानुवर्षे विजेच्या पैशावर बस चालली. मी याला गैरव्यवहार म्हणणार नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला, कारकुनाला, शाळेत जाणाऱ्या मुलांना परवडणारी बस मिळाली ती याच व्यवस्थेमुळे, आणि तिचा मला अभिमान आहे. पण ती व्यवस्था कुठे लिहिलेली नव्हती. वीजग्राहकाला तो बससाठी किती देतो हे कधी सांगितले गेले नाही, आणि बसच्या प्रवाशालाही त्याचा उरलेला खर्च कोण उचलतो हे कळले नाही.

हे चित्र बदलले ते दिल्लीच्या कायद्यांनी. नव्वदच्या दशकात राज्य वीज मंडळे कर्जात बुडाली होती. महाराष्ट्रात तर दाभोळ वीज प्रकल्पाच्या कराराने विजेचा दर हा घराघरातला विषय केला होता. १९९८ मध्ये वीज नियामक आयोगांचा कायदा झाला आणि ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. त्याची कचेरी कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, म्हणजे बेस्टच्याच वीजपुरवठा क्षेत्रात आहे. १० जून २००३ पासून नवा विद्युत अधिनियम लागू झाला आणि त्यानंतर बेस्टच्या विजेचा दर आयोगाच्या आदेशाने ठरू लागला.

कर्मचाऱ्यांनी हा बदल कसा अनुभवला ते सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. पूर्वी अर्थसंकल्पाच्या एका पुस्तिकेत भागणारे काम आता याचिकांच्या जाडजूड खंडांत गेले. वार्षिक महसुली गरज म्हणजे वर्षाला लागणारा एकूण पैसा. तो सिद्ध करायला वीजखरेदीचे प्रत्येक बिल, प्रत्येक उपकेंद्राची किंमत, घसारा, व्याज, दुरुस्ती, पगार यांचे वेगवेगळे तक्ते द्यायचे. ठराविक रकमेपेक्षा मोठ्या भांडवली योजनेला आधी आयोगाची तत्त्वतः मान्यता घ्यायची. तारांचा धंदा वेगळा दाखवायचा आणि विजेच्या विक्रीचा धंदा वेगळा. वर्ष संपल्यावर अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ घालायचा, ज्याला कचेरीत सगळे ट्रू-अप म्हणतात. मुख्य कार्यालयाचा शिपाई वीज विभागाचा की परिवहनचा, महाव्यवस्थापकांच्या पगाराचा किती हिस्सा कुठे टाकायचा, अशा प्रश्नांवर हिशेब खात्याने रात्री घालवल्या. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. पण संस्थेला स्वतःचा चेहरा नीट दिसला तो या तक्त्यांतूनच, असे माझे मत आहे.

आयोगाने आणखी एक दार उघडले. दरवाढीचा प्रस्ताव इंग्रजी आणि मराठी वर्तमानपत्रांत छापायचा, हरकती व सूचना मागवायच्या आणि जनसुनावणी घ्यायची. मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याची प्रयास यांसारख्या संस्था ग्राहकांच्या वतीने आकडे तपासून प्रश्न विचारू लागल्या. एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी हातात बिल घेऊन उभा राहतो आणि अधिकाऱ्यांना विचारतो, "हा आकार कशाचा?" त्याला तिथेच, नोंदीवर, उत्तर द्यावे लागते. पूर्वी नगरसेवकामार्फत होणारी विचारणा आता थेट झाली.

त्या बिलाकडेच जरा पाहू. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि राज्य सरकारचे वीज शुल्क. घरगुती ग्राहकाला पहिली शंभर युनिटे स्वस्त, मग तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्यापुढे अशा चढत्या पायऱ्या. वहन आकार म्हणजे केबल आणि उपकेंद्रे वापरण्याचे भाडे. इंधन समायोजन म्हणजे कोळसा आणि गॅसच्या भावातला फरक. प्रत्येक ओळीमागे आयोगाचा एक आदेश आहे. आणि काही वर्षे या ओळींत आणखी एक ओळ होती: परिवहन विभागाच्या तुटीची वसुली.

ही ओळ आली कशी? २००३ च्या कायद्याचे कलम ५१ म्हणते की वितरण परवानाधारकाने दुसरा धंदा केला तर त्याचा हिशेब वेगळा ठेवावा, आणि विजेच्या धंद्याने त्या दुसऱ्या धंद्याला पोसू नये. पण त्याच कलमाला परंतुक आहे: कायदा येण्याआधीपासून वीज वितरण करणाऱ्या स्थानिक संस्थेला हे कलम लागू नाही. देशात हे परंतुक ज्यांना नेमके बसते अशा संस्था थोड्या, आणि त्यांत बेस्ट सर्वांत ठळक. मग बसची तूट विजेच्या दरात धरायची की नाही? आयोग, अपिलीय न्यायाधिकरण, सर्वोच्च न्यायालय असा हा वाद चढत गेला. अखेर तुटीची वसुली वेगळ्या आकाराच्या रूपाने बिलात दिसू लागली.

मला या टप्प्याचे महत्त्व फार वाटते. जी गोष्ट पन्नास वर्षे दरात मुरलेली होती ती पहिल्यांदा आकड्यासह कागदावर आली. आणि कागदावर येताच तिच्यातला अन्यायही दिसला. परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहणारी बाई बोरिवलीच्या बसची तूट भरत होती आणि बोरिवलीचा बंगलेवाला, त्याची वीज दुसऱ्या कंपनीची असल्यामुळे, त्यातला एक पैसाही देत नव्हता. उपनगरात बस वाढत गेल्या, तूट वाढत गेली आणि ती भरणारे मात्र बेटावरचे तेवढेच दहा लाख राहिले. २०१६ मध्ये आयोगाने ही वसुली थांबवली. ग्राहकांच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. पण तूट थांबली नव्हती, आणि ती आता कोणी भरायची हे ठरवणे आयोगाच्या अधिकारातच नव्हते. तो प्रश्न महापालिकेचा आणि राज्य सरकारचा होता. त्यांनी उत्तर तयार ठेवलेले नव्हते.

त्याच काळात दुसऱ्या बाजूनेही जमीन सरकत होती. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवर आणि उपनगरात वीज देणारी रिलायन्स एनर्जी यांच्या वादात निकाल दिला की टाटांच्या जुन्या परवान्यांनुसार त्यांना मुंबईतल्या सर्व ग्राहकांना किरकोळ वीज विकता येते. शंभर वर्षांपूर्वीच्या परवान्यांतली वाक्ये न्यायालयात पुन्हा ओळीने वाचली गेली. मग बेस्टच्या क्षेत्रातल्या एका ग्राहकाने टाटांकडे वीज मागितली आणि बेस्टने विरोध केला. ८ मे २०१४ च्या निकालात न्यायालयाने दोन्ही गोष्टी सांगितल्या. बेस्ट ही स्थानिक संस्था असल्यामुळे २००३ च्या कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे तिच्या केबलमधून दुसऱ्याची वीज नेऊ देण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. पण टाटाही परवानाधारक आहेत, त्यामुळे मागणाऱ्या ग्राहकाला वीज देणे हे त्यांचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःची केबल टाकावी. बेस्टची तार वाचली, एकाधिकार गेला. मोठी कचेरी किंवा हॉटेल गेले की त्याच्यासोबत लहान ग्राहकाला स्वस्त वीज देणारा आधारही जातो, ही भीती हिशेब खात्यात तेव्हापासून आहे.

वीजखरेदीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण बिलातला सर्वांत मोठा खर्च तोच. तुर्भे येथील टाटांची औष्णिक केंद्रे आणि खोपोली, भिवपुरी, भिरा येथील जलविद्युत केंद्रे यांच्या विजेचा निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा बेस्टकडे येतो. आयोगापुढे दरवेळी विचारले जाते की बाहेर बाजारात स्वस्त वीज असताना ही महाग वीज का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर १२ ऑक्टोबर २०२० रोजी साऱ्या शहराने अनुभवले. सकाळी दहाच्या सुमारास बाहेरून येणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या, लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर गेली. बाहेरची ग्रीड कोसळली तर मुंबईने आपोआप तुटून स्वतःच्या केंद्रांवर चालत राहावे, यासाठी आयलँडिंगची यंत्रणा १९८१ पासून आहे. त्या दिवशी ती टिकली नाही. शहराच्या आत पुरेशी वीजनिर्मिती चालू नसेल तर अशी यंत्रणा तग धरू शकत नाही. म्हणून तुर्भेच्या युनिटला दिलेले जादा पैसे हा सगळाच्या सगळा अपव्यय नसतो, त्यातला काही भाग विम्याचा हप्ता असतो. तो भाग किती हे आयोगाने वेगळे काढून दाखवावे. मग ग्राहकाला तो मान्य करायचा की नाही हे डोळे उघडे ठेवून ठरवता येईल.

बसच्या तुटीचे पुढे काय झाले तेही इथेच नोंदवतो. २०१७ मध्ये बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करण्याचा ठराव सभागृहात झाला. तो प्रत्यक्षात उतरला नाही. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांचा नऊ दिवसांचा संप झाला. त्यानंतर महापालिकेने ६०० कोटी रुपये दिले, भाड्याने घेतलेल्या बस रस्त्यावर आल्या आणि ९ जुलै २०१९ पासून किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आले. प्रवासी खूश झाले, तूट मात्र वाढली. ९ मे २०२५ रोजी किमान भाडे दहा रुपये झाले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महापालिकेने बेस्टसाठी १,००० कोटींची तरतूद केली. मार्च २०२२ पासून महापालिकेत निर्वाचित सभागृह नव्हते आणि बेस्ट समितीही नव्हती, त्यामुळे या सगळ्यावर पूर्वीसारखी समितीच्या टेबलावर घासाघीस झालीच नाही. विजेच्या प्रत्येक पैशाची जनसुनावणी होत होती आणि बसच्या हजार कोटींवर प्रश्न विचारायला लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस बसलेला नव्हता. असमतोल इतका उघडा पूर्वी कधी पडला नव्हता.

माझे म्हणणे सरळ आहे. विजेचा हिशेब आयोगाने तपासावा आणि तो कडकपणे तपासावा. बसचा पैसा मात्र साऱ्या शहराने द्यावा, आणि तो अनुदान म्हणून मर्जीने देऊ नये. बस किती किलोमीटर धावणार, कोणत्या मार्गांवर, प्रति किलोमीटर खर्च किती, तिकिटातून किती येणार आणि उरलेले महापालिका किती देणार, हे तीन-चार वर्षांसाठी लिहून ठेवावे, जसे विजेसाठी बहुवर्षीय आदेशात लिहिले जाते. विजेच्या याचिका तयार करताना संस्थेने जी शिस्त अंगी बाणवली ती परिवहन विभागाच्या दारात थांबण्याचे कारण नाही. तक्ते बनवणारी माणसे तीच आहेत.

आता बसही पुन्हा विजेवर आली आहे. पण उपनगरातल्या आगारात चार्जिंगला लावलेली गाडी तिथल्या परवानाधारकाची वीज घेते, बेस्टची नाही, आणि तिचे बिल बेस्टला भरावे लागते. बेटावरच्या आगारात तीच गाडी लावली तर वीज विभाग परिवहन विभागाला आयोगाने ठरवलेल्या दराने बिल देतो. दुसरीकडे घराघरांतले मीटर बदलून स्मार्ट मीटर बसवण्याचे काम निघाले आहे, आणि त्याचा खर्च दरात किती धरायचा हा प्रश्नही आयोगापुढे जाणारच. या दोन्ही खर्चांची नोंद पहिल्या दिवसापासून वेगळ्या शीर्षाखाली ठेवायला हिशेब खात्याने सुरुवात करावी. पुढच्या सुनावणीत त्यावर पहिला प्रश्न ग्राहकांकडूनच येईल.